जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेताय? आधी नंबर, मग बोल्ट, मग नळी. पैसे सगळ्यात शेवटी

कडोदरा (जि. सुरत) : मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे हे दोन महामार्ग कडोदरा चोकडीवर एकमेकांना भेटतात. इथल्या लूम आणि मिलमध्ये खान्देशातून आलेल्या अनेक कुटुंबांचा रोजचा संसार गुजरातेत, तर शेत आणि म्हातारे आईवडील नंदुरबार-धुळ्याकडे असतात. अशा घरांत कधी वडिलांच्या नावावरची, कधी निवृत्त फौजी नातेवाइकाची परवान्याची रायफल असते. मालक थकतो किंवा वारतो आणि रायफल विक्रीला निघते. परवानाधारक गिऱ्हाईक मिळते, लाकूड चकाचक असते, नळीवर तेलाची चमक असते आणि ‘घरातलीच आहे, चालतेय एकदम’ या एका वाक्यावर सौदा ठरतो.

फसगत इथेच होते. जुनी मोटारसायकल बिघडली तर रस्त्यात बंद पडते. रायफल गोळी सुटण्याच्या क्षणी बिघडते आणि त्या वेळी तिचा बोल्ट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. कागदात खोट असेल तर प्रकरण फौजदारी होते. म्हणून घाई न करता, ठरलेल्या क्रमाने तपासणी करणे हाच शहाणपणा.

४५ दिवस वाया जात नाहीत

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खासगी परवानाधारकाला आपले अग्निशस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते. मात्र त्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावे लागते. त्यात विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा असतो. कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हस्तांतरित करता येत नाही. पुष्कळांना ही मुदत म्हणजे नुसती कटकट वाटते. खरे तर घेणाऱ्याला निवांत तपासणी करायला कायद्यानेच दिलेला हा वेळ आहे. या काळात रायफल विकणाऱ्याच्याच ताब्यात राहते. परवानाधारक गनस्मिथकडे ती त्यानेच न्यायची, घेणाऱ्याने सोबत जायचे.

मालक मयत असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या परवान्यावर वारसाला रायफल ठेवता येत नाही आणि विकताही येत नाही. कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. अशा रायफली अनेकदा बराच काळ पडून राहतात. त्यांची तपासणी जास्तच बारकाईने करावी.

पहिली पायरी : नंबर आणि कागद

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी भिंग आणि परवाना घ्यावा. रायफलवरचा नंबर, कारखान्याचे नाव, बोअर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरची नोंद अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अर्धवट दिसत असेल तर तिथूनच परत फिरावे. ओळखचिन्ह नसलेले किंवा खोडलेले शस्त्र विकणे कलम ८ ने बंद केले आहे. ‘जुनी आहे, झिजलाय नंबर’ हा खुलासा न्यायालयात घेणाऱ्यालाच करत बसावा लागतो.

.३१५ बोअरच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे. सीमाभागात गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्यांत हाच बोअर वारंवार येतो. त्यामुळे या बोअरच्या हत्याराकडे आणि काडतुसांकडे पोलिसांची नजर आधीच तीक्ष्ण असते.

घेणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी बघाव्यात :

– परवान्याची मुदत चालू आहे का आणि त्यावर राष्ट्रीय डेटाबेसचा यूआयएन क्रमांक आहे का.
– परवान्यात ‘रायफल’ हा प्रकार आणि तोच बोअर बसतो का. .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यात तो बसत नाही.
– २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. घरात आधीची दोन असतील तर तिसऱ्याचा विचारच नको.
– परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे. हा मुद्दा सीमेवरच्या माणसाला सगळ्यात जास्त लागू पडतो. नवापूरचे रेल्वे स्टेशन दोन राज्यांत अर्धे-अर्धे आहे, परवाना मात्र तसा नसतो. गुजरातपुरता परवाना असलेल्याने रायफल घेऊन सोनगड-नवापूर ओलांडले की गुन्हा होऊ शकतो.

कडोदरा पलसाणा तालुक्यात, सुरत ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते. त्यामुळे इथल्या रहिवाशाचा परवान्याचा संबंध जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाशी येतो. सुरत शहरात राहणाऱ्याला पोलीस आयुक्तालयाकडे जावे लागते. पत्ता राज्याबाहेर बदलला असेल तर नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंद आधी करून घ्यावी, सौदा नंतर.

समोर आहे ती रायफल कोणती?

भारतात जुन्या बाजारात सर्वाधिक दिसणारी बोल्ट-ॲक्शन म्हणजे पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल. इंग्रजांच्या काळात लष्कराचा .३०३ बोअर खासगी माणसाच्या हाती नको, म्हणून मूळच्या ऑस्ट्रियन ८×५० मॅनलिकर काडतुसावर आधारलेला हा बोअर रूढ झाला. रायफलचे यंत्र मात्र लष्करी ली-एनफिल्डच्याच घराण्यातले. याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे तिथलीच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा इशापूर आणि खडकी वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. जुन्या रायफलवर जुनाच शिक्का असतो, त्यात काही गैर नाही.

घराणे ओळखणे का गरजेचे? ली-एनफिल्ड पद्धतीत बोल्ट पुढे ढकलून बंद करताना स्प्रिंग ताणली जाते. माउझर पद्धतीत बोल्टची मूठ वर उचलतानाच ती ताणली जाते. ली-एनफिल्डमध्ये बोल्ट अडकवणारे खांदे मागच्या बाजूला असतात, माउझरमध्ये पुढे, चेंबरजवळ. त्यामुळे झीज कुठे शोधायची हेही बदलते. शिवाय .३१५ ला बोलीत ‘आठ एमएम’ म्हणतात आणि ८ एमएम माउझर हे अगदी वेगळे काडतूस आहे. एकाचे काडतूस दुसऱ्यात कधीही घालून बघू नये.

दुसरी पायरी : बोल्ट

सुरुवातीला मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामी असल्याची खात्री करायची. विकणाऱ्याने ‘रिकामीच आहे’ म्हटले तरी स्वतः बघायचे. तपासणीच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको.

बोल्ट आणि बॉडी यांचा नंबर एक असावा. ली-एनफिल्ड घराण्यात बोल्टचा नंबर मुठीच्या बुडाशी कोरलेला असतो. नंबर वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलचा आहे. तो बसतो, फिरतो, गोळीही सुटते, पण त्या बॉडीशी घासून बसवलेला नसतो. या रायफलच्या बोल्टचे डोके वेगळे, आट्यांवर बसवलेले असते. तेही बदललेले असू शकते.

नंतर बोल्ट सावकाश मागे-पुढे करावा. थोडी खडखड या घराण्यात असतेच, तिला घाबरू नये. एका ठरावीक जागी अडत असेल तर वाळू, गंज किंवा वाकलेली पट्टी अशी कारणे असतात. बंद केल्यावर मूठ पूर्ण खाली बसली पाहिजे, हाताने दाबून धरावी लागू नये.

अडकणारे दोन्ही खांदे सारखे टेकतात की नाही, हे गनस्मिथ जुन्या पद्धतीने सांगू शकतो. खांद्यांना काजळीचा पातळ थर द्यायचा, बोल्ट काही वेळा बंद-उघड करायचा आणि काजळी कुठे पुसली गेली ते बघायचे. एकाच खांद्यावर पुसली गेली असेल तर स्फोटाचा सगळा भार एकाच बाजूवर येतो आहे. खांद्याच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली तर तो तडा असू शकतो. तडा गेलेल्या बोल्टची दुरुस्ती होत नसते.

फायरिंग पिनचे टोक गोल, गुळगुळीत हवे. चपटे, तुटके किंवा खाचा पडलेले नको. ते कमी बाहेर आले तर काडतूस फुसके जाते, जास्त आले किंवा टोकदार असले तर काडतुसाची टोपी फाटून गरम वायू मागे येतो. मोजमाप गनस्मिथकडच्या गेजनेच घ्यावे.

हेडस्पेस : डोळ्याने न दिसणारा दोष

बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडाला मागे किती जागा उरते, त्याला हेडस्पेस म्हणतात. .३१५ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि ती कडाच काडतुसाला जागेवर रोखते. जागा प्रमाणाबाहेर वाढली की गोळी सुटताना पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाच्या थोडे वर फाटते. त्या फटीतून वायू मागे येतो, थेट तोंडावर.

तपासणी फक्त गेजने होते. ‘गो’ गेजवर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर पूर्ण बंद होता कामा नये. जोर लावून मूठ खाली दाबली तर खोटा निकाल येतो. गनस्मिथकडे त्या बोअरचा गेज नसेल तर दुसरा गनस्मिथ शोधावा, अंदाजावर काम भागवू नये.

गेज येईपर्यंत एक साक्षीदार मात्र हाताशी असतो, त्याच रायफलमधून सुटलेली रिकामी पुंगळी. विकणाऱ्याकडे असेल तर मागावी. बुडापासून थोड्या अंतरावर चकचकीत गोल रेघ, आतून तारेने चाचपल्यावर त्याच जागी खाच, बाहेर सरकलेली टोपी किंवा टोपीभोवती काळा धूर, यातले एक जरी दिसले तरी हेडस्पेसवर शंका घ्यावी. पुंगळी एका बाजूने फुगलेली असेल तर चेंबर बिघडलेले असू शकते.

तिसरी पायरी : नळी

बोल्ट पूर्ण काढून मागून उजेडाकडे बघावे. तेल लावलेली नळी नेहमीच चांगली दिसते. म्हणून आधी कोरडी चिंधी फिरवून तेल काढावे, मगच बघावे. आतले पीळ, म्हणजे रायफलिंग, शेवटपर्यंत धारदार दिसावेत. हलका काळसर डाग चालतो. खड्डे चेंबरच्या तोंडाशी किंवा पुढच्या टोकाशी असतील तर नेमावर परिणाम होतो.

सुरतच्या पट्ट्यात खाडी-समुद्राची दमट हवा आणि जोरदार पावसाळा असतो. जुन्या बनावटीच्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहिले की ते हवेतला ओलावा ओढतात आणि नुसते तेल लावून हा गंज थांबत नाही. गोळीबारानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल द्यावे लागते. ज्याला हे माहीत नव्हते, त्याच्या रायफलच्या नळीत ते दिसतेच.

निवडणुकीचा काळही लक्षात घ्यावा. आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात आणि काही आठवडे तिथेच राहतात. जमा करण्याआधी नीट तेल दिले नसेल, तर परत आलेल्या नळीत गंज सापडू शकतो. अलीकडे जमा होती का, हे विकणाऱ्याला सरळ विचारावे.

नळीत आतून काळी गोल सावली दिसली आणि बाहेरून बोट फिरवताना त्याच जागी किंचित उंचवटा लागला, तर नळी फुगलेली आहे. नळीत काहीतरी अडकलेले असताना गोळी सुटल्याची ही खूण. चिखल, चिंधीचा बोळा, कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या रायफलमध्ये कुंभारमाशीने केलेले मातीचे घर, काहीही पुरते. फुगलेली नळी घेऊ नये.

पुढचे टोक गोल आणि सारखे हवे. गज पुढून घालून साफ करत राहिल्याने टोकाचे पीळ एका बाजूने झिजतात आणि गोळी भरकटते. काही वेळा खराब टोक कापून नळी आखूड केलेली असते. इथे नेमाचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण परवान्याशिवाय नळी आखूड करणे कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे. लांबी मूळ मापाशी जुळते का, ते विक्रेत्याकडून पडताळून घ्यावे.

चौथी पायरी : चाप, खटका, मॅगझिन

रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून या चाचण्या कराव्यात :

– बोल्ट बंद करून स्प्रिंग ताणावी, सुरक्षा खटका लावावा, चाप जोरात ओढून सोडावा. मग चापाला हात न लावता खटका काढावा. खटका काढताच पिन सुटली तर रायफल धोकादायक आहे.
– बोल्ट पाच-सहा वेळा जोरात पुढे मारून बंद करावा. पिन ताणलेलीच राहिली पाहिजे. ली-एनफिल्डमध्ये ताण बंद करतानाच येतो, म्हणून झिजलेला खटका इथेच पकडला जातो.
– ताणलेल्या अवस्थेत दस्त्याचे बूड रबरी चटईवर हलके आपटावे. पिन सुटता कामा नये.
– लष्करी पद्धतीच्या चापाला दोन टप्पे जाणवतात, तो दोष नव्हे. एक टप्पा गायब आणि चाप लोण्यासारखा हलका असेल तर कुणीतरी कानस मारली आहे.

मॅगझिनच्या वरच्या कडा वाकलेल्या नसाव्यात. गनस्मिथकडच्या डमी काडतुसांनी पाच-सहा वेळा भरून-काढून बघावे. काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली की बोल्ट अडतो. बऱ्याचदा ही चूक भरण्याच्या पद्धतीतली असते, रायफलची नव्हे. पुंगळी ओढणारा आकडा सैल असेल तर त्याची स्प्रिंग बदलता येते.

दस्त्याला मनगटाच्या जागी, म्हणजे पकडीजवळ, तडा आहे का हे वाकवून नव्हे तर उजेडात बघावे. पुढचे लाकूड काढल्याशिवाय नळीच्या खालचा गंज दिसत नाही. ते गनस्मिथकडूनच काढून घ्यावे, ओढाताणीत लाकूड फुटते. ताजे पॉलिश दिसले तर त्याखाली काय लपले आहे, हा पहिला प्रश्न असावा.

शेवटची पायरी : गोळी चालवून बघणे

वरच्या सगळ्या पायऱ्या पार झाल्यावरच, आणि तेही परवानगी असलेल्या रेंजवर किंवा अधिकृत विक्रेत्यामार्फत. शेताच्या बांधावर ‘एक बार काढून बघू’ हा प्रकार परवाना घालवणारा आहे. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवेच. प्रत्येक पुंगळी उचलून बघावी, बोल्ट नेहमीइतक्याच जोरात उघडतो का ते पाहावे. काडतूस फुसके गेले तर नळी समोर ठेवून अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा.

कोणत्या दोषावर काय करावे?

सरळ नकार द्यावा : नंबर खोडलेला किंवा परवान्याशी न जुळणारा, नळी फुगलेली किंवा आखूड केलेली, बोल्टला तडा, बॉडीवर वेल्डिंगची खूण.

गनस्मिथचा लेखी निर्वाळा येईपर्यंत थांबावे : बोल्टचा नंबर वेगळा, हेडस्पेसची शंका, खटका काढताच पिन सुटणे, जोरात बंद केल्यावर ताण न राहणे, चेंबरमध्ये खड्डे.

भाव कमी करून घेता येईल : आकड्याची कमजोर स्प्रिंग, मॅगझिनची वाकलेली कडा, बाहेरचा वरवरचा गंज, दस्त्यावरचे ओरखडे, सैल स्क्रू, हललेली माशी.

दुरुस्ती घरच्या फिटरकडे किंवा लेथवाल्याकडे करू नये. कडोदऱ्यात हातखंडा लेथवाले कमी नाहीत, पण अग्निशस्त्राच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो.

शेवटी, पिकाच्या राखणीसाठी रायफल घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ दोन्ही राज्यांत सारखाच लागू आहे आणि रानडुक्कर असो की नीलगाय, अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय बार काढता येत नाही.

विकणारा नातेवाईक असला की गेज लावायला संकोच वाटतो. ‘मामांवर विश्वास नाही का?’ असे कुणीतरी म्हणतेच. मामांनी रायफल दहा वर्षे चालवली नसेल तर तिच्या हेडस्पेसचे मामांनाही माहीत नसते. गेज लावण्यात अपमान कुणाचाच नाही. उद्या तीच रायफल कुणाच्या तरी गालाला टेकणार आहे.